उसिक जुन्या दिग्गजांसमोर टिकला असता का? माझं उत्तर, जरा लांबलचक

प्रश्न असा आहे की युक्रेनचा हेवीवेट बॉक्सर ऑलेक्सांद्र उसिक अली, टायसन, जो लुई, फ्रेझर, लेनॉक्स लुईस यांच्यासमोर त्यांच्या ऐन भरात उभा राहिला असता तर काय झालं असतं, आणि विचारणाऱ्याचे मित्र म्हणतात तसं टायसनने त्याला दोन राउंडमध्ये झोपवलं असतं का. मी बरीच वर्षं पोरांना बॉक्सिंग शिकवतोय, स्पर्धांना जज-रेफरी म्हणूनही बसतो, आणि हा वाद प्रत्येक जिममध्ये आठवड्यातून एकदा तरी होतोच. बहुतेक वेळा वाद घालणाऱ्याने टायसनच्या नॉकआउटचे रील्स पाहिलेले असतात आणि उसिकची एकही लढत पूर्ण बारा राउंड पाहिलेली नसते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे दोन वेगळे प्रश्न लोक एकात कालवतात. श्रेष्ठ कोण हा एक प्रश्न, आणि समोरासमोर जिंकेल कोण हा दुसरा. श्रेष्ठत्व म्हणाल तर जो लुईने १९३७ ते १९४९ किताब स्वतःकडे ठेवला आणि २५ वेळा राखला, तिथे उसिक जवळपाससुद्धा येत नाही, जुलै २०२५ मध्ये वेम्बलीला ड्युबोआला दुसऱ्यांदा पाडला तोपर्यंत हेवीवेटमध्ये त्याच्या मोजून ८ लढती झाल्या होत्या. भले त्यातल्या सहा जोशुआ, फ्युरी आणि ड्युबोआ या त्याच्याच काळातल्या बड्या हेवीवेटशी असतील, पण आठ त्या आठच. समोरासमोरचा हिशोब मात्र वेगळा असतो, तिथे किताब किती वेळा राखला याला काही किंमत नाही, तिथे फक्त याचा पाय कुठे पडतो आणि त्याचा हात कुठून येतो एवढंच बघायचं. मी खाली फक्त त्याच्याबद्दल बोलतोय.

दुसरं, उसिक "छोटा हेवीवेट" आहे हे वाक्य. फ्युरीच्या शेजारी तो छोटा दिसतो हे खरं, मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरी ११९ किलोच्या आसपास आणि उसिक १०१. पण आपण ज्यांच्याशी तुलना करतोय त्यांची वजनं बघा ना. अली १९६६ मध्ये क्लीव्हलँड विल्यम्ससमोर साधारण ९६ किलो, फ्रेझर १९७१ मध्ये अलीशी लढताना ९३, जो लुई ९० च्या आगेमागे, होलीफिल्ड १९९० मध्ये ९४, मार्सियानो तर जेमतेम ८४-८५. टायसन १९८८ मध्ये ९९, तोही ५ फूट १० इंच उंचीवर. उसिक ६ फूट ३ इंच, दोन्ही हात पसरले की १९८ सेंटीमीटर. म्हणजे अलीएवढाच उंच आणि अलीपेक्षा जड. या यादीत उसिक बारीक नाहीच, लेनॉक्स लुईस आणि क्लिचको बंधू सोडले तर तोच अंगाने मोठा आहे. हे एवढं एक डोक्यात बसलं तरी अर्धा वाद मिटतो.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते या सगळ्या काल्पनिक लढतींमध्ये प्रत्येक दिग्गजाला दोनच प्रश्न विचारायचे: हलत्या लेफ्टीसमोर (उजवा हात-पाय पुढे ठेवून लढणाऱ्या डावखुऱ्यासमोर) तुझं काय झालं होतं, आणि तू बॉडीवर मारतोस का? ताकद, हनुवटी, काळीज वगैरे नंतर. कारण उसिक लेफ्टी आहे, नुसता लेफ्टी नाही तर थांबत नाही असा लेफ्टी, आणि हेवीवेटच्या इतिहासात असले लेफ्टी चॅम्पियनांच्या वाट्याला फार कमी आलेत. पहिला लेफ्टी हेवीवेट चॅम्पियन झाला तोच १९९४ मध्ये, मायकेल मूरर. त्याआधीच्या दिग्गजांना या कोड्याची सवयच नव्हती. डावखुऱ्या फास्ट बॉलरचा अँगल ज्याने नेटमध्ये खेळलेला नाही त्या बॅट्समनचं पहिल्या दोन ओव्हर जे होतं तेच इथे होतं, फक्त इथे चुकलं तर दात जातात.

लेफ्टीसमोर नेमकं काय बिघडतं ते सांगतो. दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येतात, तुमचा डावा आणि त्याचा उजवा, आणि ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला पडला त्याचा मागचा हात सरळ मध्यातून आत जातो. पुढचे हात पण एकमेकांवर आपटतात, त्यामुळे आयुष्यभर ज्या जॅबवर (पुढच्या हाताच्या सरळ पंचवर) तुम्ही लढती जिंकल्या तो अर्ध्या रस्त्यात अडकतो. बहुतेक लेफ्टी एवढ्यावरच जगतात. उसिक याच्या पुढे जातो. तो पुढचा उजवा हात मारायला कमी आणि चाळवायला जास्त वापरतो, समोरच्याच्या ग्लव्हवर टकटक करत राहतो, हात खाली दाबतो, नजरेसमोर आणतो, आणि त्या वेळात पाय सरकवून घेतो. पाय कधी बाहेर टाकतो, कधी मुद्दाम आत, एका बाजूला दोन पावलं गेला की तिसरं पाऊल उलट. समोरचा माणूस मारायला सेट होतो तेव्हा हा तिथे नसतो, म्हणून तो परत सेट होतो, असं मिनिटाला दहा वेळा. पाय थकतात आणि त्याहून जास्त डोकं थकतं. जोशुआशी ऑगस्ट २०२२ ची जेद्दाची लढत बघा, नवव्या राउंडमध्ये जोशुआने त्याला चांगला हलवला, वाटलं आता गेला, आणि दहाव्यात उसिकने असा काही स्पीड वाढवला की जोशुआला श्वास घ्यायला जागा मिळेना. हे शिकवता येत नाही हो. म्हणजे कंडिशनिंग शिकवता येतं, पण मार खाल्ल्यानंतरच्या राउंडमध्ये गिअर टाकणं नाही शिकवता येत.

फ्युरीशी पहिल्या लढतीतला नववा राउंड पण असाच. त्याआधी चौथ्यापासून सातव्यापर्यंत फ्युरी मजेत होता, सहाव्यात अपरकटने (खालून हनुवटीवर येणाऱ्या पंचने) उसिकचं डोकं मागे फेकलं. मग आठव्यात उसिकने नाकावर मारायला सुरुवात केली आणि नवव्यात लांब डावा हात लागल्यावर फ्युरी दोऱ्यांच्या आधाराने या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात भेलकांडत गेला, रेफरीने त्याला उभ्यानेच काउंट दिला कारण दोऱ्या नसत्या तर तो खाली होता. जजेसचे गुण ११५-११२, ११४-११३ उसिक, आणि एका जजने ११४-११३ फ्युरी. तो एक काउंट नसता तर निकाल बरोबरीत गेला असता इतकी ती लढत जवळची होती. डिसेंबर २०२४ च्या रीमॅचमध्ये मात्र तिन्ही जजेसनी ११६-११२ दिली, म्हणजे कोडं उसिकने सोडवलं, फ्युरीने नाही.

त्याची कमजोरी काय? दोन आहेत. पहिले तीन-चार राउंड तो वाचत असतो, समोरच्याला समजून घेत असतो, आणि त्या वेळात अंगावर येणारा माणूस त्याला त्रास देतो. २०२० मध्ये चिसोराने सुरुवातीला त्याला मागे रेटून हैराण केलं होतं, आणि चिसोरा म्हणजे काही फ्रेझर नव्हे. दुसरी जास्त मोठी, बॉडी. लेफ्टी उभा राहतो तेव्हा त्याची उजवी बाजू पुढे असते, म्हणजे लिव्हर समोरच्याच्या तोंडाशी. ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा हात पुढे ठेवणाऱ्या बॉक्सरचा डावा हुक (बाजूने वळून येणारा पंच) तिथे अगदी सहज पोचतो. २०२३ मध्ये व्रोत्सवाफला ड्युबोआचा पाचव्या राउंडमधला तो बेल्टच्या रेषेवरचा पंच आठवा, रेफरीने लो ब्लो (बेल्टखालचा फाउल) दिला, उसिकला जवळपास चार मिनिटं मिळाली सावरायला, आणि तो वाद आजही चालूच आहे. माझं मत विचाराल तर पंच रेषेवर होता आणि मी असतो तरी त्या क्षणी, त्या बाजूने बघताना, लो ब्लोच दिला असता. पण फाउल असो नसो, बॉडीवर मारलं की त्याला लागतं हे दिसलंच.

हे दोन प्रश्न हातात धरून आता एकेकाकडे बघू.

टायसन. १९८६ ते ८८ चा, कोच केव्हिन रूनी कॉर्नरमध्ये असतानाचा, नंतरचा नाही. तो जो डोकं हलवत आत यायचा आणि दोन पावलांत सहा पंच टाकायचा तो टायसन कुणालाही पहिल्या चार राउंडमध्ये संपवू शकतो, उसिकलाही, आणि उसिक सुरुवातीला स्लो असतो हे धरलं तर धोका खराच आहे. पण टायसनला ज्यांनी त्रास दिला त्यांची यादी बघा. १९८६ मध्ये टिलिस, पूर्ण दहा राउंड, हलत राहिला. १९८७ मध्ये बोनक्रशर स्मिथ, बारा राउंड, नुसता मिठ्या मारत. त्याच वर्षी टोनी टकर, बारा राउंड, जॅब आणि पाय. आणि १९९० मध्ये टोकियोला डग्लस, लांब जॅब, मागोमाग उजवा, आणि टायसन पोचला की दंड धरून बांधून टाकायचा. म्हणजे पाचव्या राउंडनंतर टायसन एकेक पंच शोधायला लागायचा, कॉम्बिनेशन गायब व्हायचं. आणि १९८६ पासून डग्लसपर्यंतच्या त्याच्या एकाही टायटल लढतीत समोर लेफ्टी नव्हता. मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवला त्याचे रील दाखवतात सगळे, पण स्पिंक्स त्या रात्री रिंगमध्ये येतानाच हरलेला होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. उसिक घाबरत नाही, तो रिंगमध्ये डोळे मारतो, नाचतो, वेडेपणा करतो. मी म्हणेन दहा लढती झाल्या तर तीन-चार टायसन घेईल, सगळ्या चौथ्या राउंडच्या आत, बाकीच्या उसिकच्या, बहुतेक नवव्या-दहाव्यात टायसन दमल्यावर. दोन राउंडमध्ये झोपवणं शक्य आहे, पण शक्य असणं आणि "झोपवलंच असतं" म्हणणं यात फरक आहे राव.

होलीफिल्डशी लढत मला सगळ्यात जास्त बघायला आवडली असती. दोघेही क्रूझरवेटचे (हेवीवेटच्या लगेच खालचा गट) अनडिस्प्युटेड, म्हणजे सगळे किताब एकाकडे, होलीफिल्ड १९८८ मध्ये, उसिक २०१८ मध्ये मॉस्कोला गॅसिएव्हला हरवून, आणि दोघेही वर येऊन हेवीवेटचे अनडिस्प्युटेड. असे हे दोघेच. आणि इथे आपल्याकडे नुसता अंदाज नाही, खरा पुरावा आहे, कारण होलीफिल्डची लेफ्टीशी गाठ पडली होती. एप्रिल १९९४, मूरर. दुसऱ्या राउंडमध्ये होलीफिल्डने मूररला खाली पाडला आणि तरीही बारा राउंडनंतर मूरर पॉइंट्सवर जिंकला, कशाने, तर नुसत्या उजव्या जॅबने, होलीफिल्डला रात्रभर त्या जॅबचं उत्तरच सापडेना. आणि मूरर काही मन लावून खेळत नव्हता, त्याचा कोच टेडी अॅटलस एका ब्रेकमध्ये स्वतःच त्याच्या स्टुलावर जाऊन बसला आणि विचारलं की तुझ्या जागी मी लढू का. (आमच्याकडे एकाने हे पाहून स्पर्धेत करून बघितलं, पोरगं खरंच "हो सर, लढा" म्हणालं.) आता विचार करा, अर्ध्या मनाने खेळणारा लेफ्टी जर होलीफिल्डला हरवतो, तर उसिक काय करेल.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये रीमॅच झाली आणि होलीफिल्डने मूररला पाच वेळा खाली पाडून आठव्यानंतर लढत संपवली. म्हणजे त्याने अभ्यास केला, दुसऱ्या वेळी उजवा हात सरळ आणि आधी टाकायला लागला, जॅबची वाट न बघता. लेफ्टीसमोर तेच करायचं असतं, मागचा हात लीड म्हणून, मी पोरांना शंभर वेळा सांगतो आणि पोरं शंभर वेळा जॅब टाकायला जातात. तर माझं म्हणणं, उसिक-होलीफिल्ड पहिली लढत उसिक पॉइंट्सवर, ११६-११२ वगैरे, दुसरी एकदम अटीतटीची. १९९० च्या होलीफिल्डचा दम उसिकच्या तोडीचा होता, रिडिक बोशी झालेल्या १९९२ च्या लढतीचा दहावा राउंड पाहिला नसेल तर आज पाहा, तीन मिनिटं दोघांनी हात खाली घेतला नाही.

अली. इथे लोक भावुक होतात म्हणून आधीच सांगतो, कुठला अली? १९६६-६७ चा अली आणि १९७४-७५ चा अली ही दोन वेगळी माणसं आहेत. मधल्या साडेतीन वर्षांच्या बंदीनंतर पाय गेले होते, राहिली ती हनुवटी, डोकं आणि जिगर. फोरमनला हरवायला ते पुरलं, उसिकसमोर दोऱ्यांना टेकून उभं राहणं म्हणजे राउंड दान करणं, कारण उसिक फोरमनसारखा हात उगारून दमत नाही, तो तीन हलके, एक जड, परत दोन हलके असं टाकत बसेल आणि जजेस लिहीत बसतील. १९७३ मध्ये नॉर्टनने जॅब-टू-जॅब खेळून अलीचा जबडा मोडला होता, ते लक्षात ठेवा. सत्तरीतल्या अलीविरुद्ध मी उसिकवर पैसे लावेन.

१९६६ चा अली मात्र वेगळी गोष्ट. आणि इथे पण पुरावा आहे जो कुणी काढत नाही. सप्टेंबर १९६६, फ्रँकफर्ट, कार्ल मिल्डेनबर्गर, जर्मन लेफ्टी. युरोपच्या पातळीचा बॉक्सर, दिग्गज वगैरे अजिबात नाही. आणि अली त्याच्यासमोर कित्येक राउंड गोंधळलेला दिसतो, मिल्डेनबर्गरचा डावा बॉडीवर लागतोय, अलीचं टायमिंग हुकतंय, जॅब ग्लव्हवर अडकतोय. शेवटी अलीने त्याला तीनदा खाली पाडलं आणि बाराव्या राउंडमध्ये लढत थांबवली, पण अलीचा तो काळ असा होता की बाकीचे त्याच्यापुढे पोरखेळ वाटत होते, दोनच महिन्यांनी विल्यम्सला त्याने तीन राउंडमध्ये उडवला. त्या काळातही एका मध्यम लेफ्टीने त्याला इतका वेळ गुंतवला. उसिक म्हणजे मिल्डेनबर्गर गुणिले पाच.

मग अली हरतो का? मला तसं वाटत नाही, आणि त्याची कारणं अगदी टेक्निकल आहेत. अली सवयीने आपल्या डावीकडे फिरायचा, आणि लेफ्टीच्या जड हातापासून लांब जायची तीच दिशा असते, म्हणजे त्याला नवीन काही शिकावं लागत नाही, फक्त अंतर जुळवायचं. त्याचा उजवा लीड हेवीवेटमधला सगळ्यात फास्ट होता, आणि वर सांगितलं तसं लेफ्टीवर तोच चालतो. पाय उसिकपेक्षा फास्ट, हे मी फार कमी जणांबद्दल म्हणेन. उलट बाजूला, अली बॉडीवर जवळजवळ मारतच नसे, म्हणजे उसिकची खरी कमजोरी तो हातही लावणार नाही, आणि पंच आला की तो सरळ मागे झुकायचा, ती सवय लांब डाव्या हातासमोर महागात पडते. एकंदरीत बारा राउंडला अली ११५-११३, आणि ती लढत कुणीही दोनदा पाहिल्याशिवाय निकाल सांगू नये.

फ्रेझरबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, पण मी त्याला उसिकसाठी टायसनपेक्षा जास्त धोकादायक मानतो. सगळे म्हणतात फ्रेझर टायसनपेक्षा स्लो स्टार्टर, फोरमनने त्याला १९७३ मध्ये किंग्स्टनला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडला. बरोबर, पण उसिक फोरमन नाही, तो सुरुवातीला कुणाला उडवत नाही. फ्रेझरला गरम व्हायला जो वेळ लागतो तो उसिक त्याला आपणहून देतो. आणि फ्रेझरचा एकच पंच म्हणजे डावा हुक, तोही खालून वर, आधी बरगडीत मग हनुवटीवर, आणि उसिकचं लिव्हर नेमकं त्या हुकच्या रस्त्यात. मार्च १९७१ ला पंधराव्या राउंडमध्ये अलीला पाडला तो हुक सगळ्यांना आठवतो, पण त्याआधीच्या चौदा राउंडमध्ये त्याने अलीच्या कंबरेवर, दंडावर किती मारलंय ते बघा. टायसन सहा राउंडनंतर शांत होतो, फ्रेझर सहा राउंडनंतर सुरू होतो. माझा कौल तरीही उसिकला, पण थोडक्यात, आणि उसिक दुसऱ्या दिवशी लघवीला रक्त बघेल.

फोरमन पटकन उरकतो. १९७३ चा फोरमन लागला तर कुणीही आडवा. पण तो हलणाऱ्याला पकडू शकत नसे, अलीने आठ राउंडमध्ये संपवला, आणि १९७७ मध्ये जिमी यंगने त्याला बारा राउंड नाचवून शेवटच्या राउंडमध्ये खालीही पाडला. जिमी यंगला पंच नव्हता, उसिकला आहे. कुणी म्हणेल की फोरमनने १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी मूररला, म्हणजे लेफ्टीलाच, एका उजव्या हातावर उडवला, हो उडवला, पण मूरर दहा राउंड त्याच्यासमोर खांबासारखा उभा होता, कोच घसा फोडून सांगत होता की बाजूला हो. उसिक खांबासारखा उभा राहिल्याचं मला तरी आठवत नाही.

जो लुई आणि मार्सियानो यांच्याबद्दल एक गंमत सांगतो जी बारा राउंड की पंधरा राउंड या वादात फार उपयोगी पडते. जून १९४१ मध्ये बिली कॉन, वजन अधिकृतपणे ७९ किलो, पायाने चपळ, बारा राउंडनंतर दोन जजेसच्या कार्डवर जो लुईच्या पुढे होता आणि तिसऱ्याच्या कार्डवर बरोबरी. तेराव्यात त्याला नॉकआउटची हाव सुटली आणि लुईने त्याला राउंड संपायला दोन सेकंद बाकी असताना संपवला. सप्टेंबर १९५२, तेव्हाचा चॅम्पियन वॉलकॉट तिन्ही कार्डवर मार्सियानोच्या पुढे, आणि तेराव्यातच मार्सियानोच्या त्या छोट्या उजव्या हाताने काम तमाम. आजच्या बारा राउंडच्या नियमाने लुई चॅम्पियन राहिला नसता आणि मार्सियानो त्या रात्री चॅम्पियन झाला नसता. मार्सियानोचा तो ४९-० चा (४९ लढती, एकही हार नाही) रेकॉर्ड आहे ना, तो एका जास्तीच्या राउंडवर उभा आहे.

याचा अर्थ ते कमी होते असं नाही, त्यांच्या काळी पंधरा राउंड होते आणि ते पंधरा राउंडचा हिशोब करून खेळायचे. पण हलणाऱ्या, हुशार, अंगाने लहान माणसांनी दोघांनाही किती सतावलं हे दिसतं, आणि उसिक हलणारा, हुशार, पण अंगाने मोठा. लुईचा आणखी एक दोष माहिती आहे, जॅब टाकल्यावर डावा हात खाली यायचा, १९३६ मध्ये श्मेलिंगने तोच पकडून बारा राउंडमध्ये त्याला उडवला. दोन वर्षांनी लुईने १२४ सेकंदांत हिशोब चुकता केला ते वेगळं. लेफ्टीचा पुढचा उजवा हुक नेमका त्याच खाली आलेल्या डाव्या हातावरून येतो. तरी मी लुईला पूर्ण सोडत नाही, कारण त्याचे पंच सहा इंचांचे, वाइंडअप (मारण्याआधी हात मागे खेचणं) नाही, पाय बारीक सरकत यायचे आणि एक लागला की मागे पाच लागायचे, असा फिनिशर परत झाला नाही. बारा राउंडला उसिक, पंधराला मी गप्प बसतो. मार्सियानोबाबत मात्र गप्प बसायची गरज नाही, उसिकपेक्षा हात पाव मीटरने तोकडे आणि वजन १५-१६ किलोने कमी, तो आज असता तर क्रूझरमध्ये खेळला असता, ज्याची मर्यादा ९०.७ किलो आहे आणि जिथे उसिक आधीच राज्य करून आलाय. मार्सियानोचे चाहते माझ्यावर चिडतील, चिडू देत.

लॅरी होम्स, पन्नास-पन्नास, इतिहासातला बहुधा सगळ्यात चांगला जॅब, पण लेफ्टीसमोर जॅबच पहिला अडकतो. व्लादिमीर क्लिचको, उसिक आरामात, व्लादिमीर सेट झाल्याशिवाय हात सोडत नसे आणि २०१५ मध्ये फ्युरीने नुसतं हलून त्याला गोठवलं, शिवाय २००३ मध्ये लेफ्टी कोरी सँडर्सने त्याला दोन राउंडमध्ये लोळवला होता. डेम्प्सी आणि जॅक जॉन्सन यांच्याबद्दल मी बोलत नाही, डेम्प्सी खाली पडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभा राहून तो उठायची वाट बघायचा आणि ते तेव्हा नियमात बसायचं, त्या खेळाची आणि आजच्या खेळाची गाठ घालण्यात अर्थ नाही.

राहिला लेनॉक्स लुईस, आणि मला विचाराल तर अलीनंतर उसिकला हरवणारा हाच. लोक म्हणतात फ्युरी त्याच्यापेक्षा उंच होता, जड होता, त्याला उसिकने दोनदा हरवलं मग लुईसचं काय. पण फ्युरी मारायला येत नाही, तो गुणांसाठी येतो. लुईस ६ फूट ५, ११० किलो, हाताचा पल्ला २१३ सेंटीमीटर, आणि दोन्ही वेळा हरला ते एका पंचवर, १९९४ मध्ये मॅकॉल आणि २००१ मध्ये रहमान, दोन्ही वेळा समोरच्याला हलक्यात घेऊन. मॅकॉलच्या कॉर्नरला तेव्हा कोच इमॅन्युएल स्टुअर्ड होता, लुईसने काय केलं तर हरल्यावर त्यालाच आपला कोच म्हणून घेतलं, यावरून माणसाचं डोकं कळतं. रहमानला सात महिन्यांत परत गाठून चार राउंडमध्ये उडवला. उसिकला तो हलक्यात घेणार नाही, स्टुअर्ड घेऊ देणार नाही.

लुईसकडे ती गोष्ट आहे जी फ्युरीने सहाव्या राउंडमध्ये फक्त थोडा वेळ दाखवली, उजवा अपरकट. २००० मध्ये मायकेल ग्रँटला त्याने एका हाताने डोकं खाली धरून दुसऱ्याने अपरकट मारून संपवलं, फाउलच होता म्हणा, पण रेफरीने चालवून घेतला. उसिक आत येताना डोकं थोडं पुढे आणि खाली घेऊन येतो, तिथेच तो अपरकट बसतो. लुईस पहिल्या राउंडपासून उजवा लीड टाकेल, जवळ आला की अंगावर रेलून ११० किलो त्याच्या मानेवर ठेवेल, सोडवलं की परत तेच. रेफरी कडक असला, क्लिंच (मिठी) लगेच तोडणारा असला, तर उसिक शेवटचे चार राउंड घेतो आणि निकाल कुठेही जाऊ शकतो, २००३ मध्ये व्हिताली क्लिचकोने दमलेल्या लुईसला पहिल्या सहा राउंडमध्ये मागे टाकलं होतंच, चेहरा फाटला म्हणून वाचला लुईस. पण तो २००३ चा, वजन वाढलेला, निवृत्तीच्या दारातला. १९९९-२००० चा लुईस आणि सैल रेफरी असेल तर मी आठव्या-नवव्या राउंडमध्ये लुईस म्हणतो, आणि आमच्या जिममधली निम्मी पोरं त्यावरही माझ्याशी भांडतात.